सकाळची शाळा, सकाळचा आजार

माझा आजार सकाळचा होता आणि माझी शाळाही सकाळचीच. दोघांनी एकच वेळ धरल्यामुळे नोकरीची पहिली काही वर्षं माझी जी त्रेधातिरपीट उडाली, तिला आता हसता येतं. तेव्हा येत नव्हतं.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी नाशिकला नगरपालिकेच्या एका प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून लागले. वय तेवीस, जवळ दोन नव्या सुती साड्या आणि मनात भलताच रुबाब. शाळा एकाच इमारतीत दोन सत्रांत भरायची. सकाळचं सत्र सातला सुरू होऊन बाराला सुटायचं, मग दुपारचं साडेबाराला भरायचं. मला सकाळचं मिळालं. कुणाला कुठलं सत्र द्यायचं हे मुख्याध्यापक ठरवत, आणि त्यात आपण काही बोलायचं असतं हे मला माहीतच नव्हतं.

वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. ते नगरपालिकेच्याच पाणीखात्यात फिटर होते. तरुणपणी त्यांनी चांदवडकडचं गाव सोडलं, आणि मी पाळण्यात असताना धर्म बदलला तेव्हा घरातले देवही सोडले. देव्हाऱ्याच्या कोनाड्यात त्यांनी आपले पाने-पक्कड ठेवले. भिंतीवर दोनच तसबिरी, एक बुद्धाची आणि दुसरी निळ्या कोटातली. अंगारा, गंडा, नवस यातलं काहीही आमच्या उंबऱ्याच्या आत येत नसे. ‘जे डोक्याला पटंल तेच करायचं,’ असं ते म्हणत. फक्त ते डोकं बहुधा त्यांचंच असायचं.

रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी, मला ऐकू जाईल अशा बेतानं, म्हणालं, ‘सवलतीच्या जागेवरच्या बाई आल्या का?’ मी घरी येऊन सांगितलं. दादा जेवत होते. हातातला घास त्यांनी ताटात परत ठेवला.

‘आजपासून त्या शाळंत काय बी मागायचं नाय,’ ते म्हणाले. ‘रजा नाय, सवलत नाय. खडू बी आपला न्यायचा.’

दुसऱ्या दिवसापासून मी खडूची पेटी घरून नेऊ लागले. शाळेला त्याचं काहीच वाटलं नाही. उलट दोघं-तिघं माझ्याच पेटीतून खडू घ्यायला लागले, आणि त्यात सवलतीबद्दल बोलणारे गृहस्थही होते.

त्याच हिवाळ्यात माझी बोटं आखडली. एका सकाळी उशाशी ठेवलेला तांब्या उचलायला गेले तर मूठच वळेना. आधी वाटलं थंडीनं असेल. नाशिकची थंडी काही कमी नाही. पण पंधरा दिवसांत दोन्ही मनगटं, मग गुडघे, मग पायांचे तळवे. उठल्यावर पहिलं पाऊल जमिनीवर टेकवताना डोळ्यांत पाणी यायचं. ब्लाउजचे हुक आई लावायची, वेणी आई घालायची. आमच्या वसाहतीतल्या सामाईक संडासात खाली बसायचं म्हणजे एक दिव्य, आणि बसल्यावर उठायचं हे दुसरं. मी पहाटे उठून गरम पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून बसायची, की सातच्या प्रार्थनेला निदान हात जोडता यावेत.

पण खरी मजा पुढे होती. साडेदहा-अकरा वाजले की एकेक बोट सुटं व्हायला लागायचं. बारा वाजेपर्यंत मी चारचौघींसारखी बाई. संध्याकाळी कुणी तब्येत विचारायला आलं तर मी भाकरी थापत बसलेली. ताप असला तर तो थर्मामीटरमध्ये दिसतो. आमच्या आजाराला साक्षीदार लागला तर त्यानं सकाळी सहाला यायला हवं होतं, आणि इतक्या सकाळी कुणी कुणाच्या घरी जात नाही.

शाळेत मी खडू मुठीत धरून लिहायची, बत्त्यानं कुटावं तसं. अक्षर इतकं मोठं यायचं की फळ्यावर तीन ओळींतच धडा संपायचा. मुलं खूश होती, त्यांना तीनच ओळी उतरवून घ्याव्या लागत. मुख्याध्यापक खूश नव्हते. ते वाईट मनाचे नव्हते, पण त्यांची जीभ तिखट होती. सकाळी मी जिना कठड्याला धरून चढते आणि बाराला सरळ चालत फाटकाबाहेर पडते, हे त्यांनी बरोबर टिपलं होतं. एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, ‘सुटायच्या वेळी बाईंचे पाय चांगले चालतात हं!’ सगळे हसले. मीही हसले, कारण खरंच तसं दिसत होतं.

‘वात आहे,’ असं वसाहतीत सगळ्यांनी एकमुखानं ठरवलं. पण वात म्हाताऱ्यांना होतो, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे लोक आधी माझं वय विचारत आणि मग ‘एवढ्यात?’ म्हणत. जणू मी रांगेत मधेच घुसले होते. शेजारच्या खोलीत चांदवडकडच्याच एक काकू राहायच्या. त्यांच्याकडे गावाहून कांद्याची पोती यायची आणि पोत्यांबरोबर उपाय. निरगुडीचा पाला त्यांनी आणून दिला, त्याचा शेक मला खरंच बरा वाटायचा. एक दिवस काळा दोरा घेऊन आल्या.

‘मंतरलेला हाय,’ त्या म्हणाल्या. ‘मनगटाला बांध पोरी. लय गुण येतो.’

दादांनी पाला ठेवून घेतला आणि दोरा परत केला. ‘वैनी, पाला झाडाचा हाय, त्यो चालंल. दोरा आमच्यात नाय.’

काकूंना राग आला नाही. त्या दोरा स्वतःच्याच मनगटाला बांधून गेल्या.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्यांनी दुखणं थोडं कमी झालं आणि पोट जास्त जळू लागलं. मग ते म्हणाले, हे साधं दिसत नाही, गंगापूर रोडला एक मोठे डॉक्टर आहेत, त्यांना दाखवा. ते मोठे डॉक्टर सकाळीच तपासत. सकाळी जायचं म्हणजे रजा मागायची, आणि रजा मागायची नाही हे ठरलेलं. म्हणून आम्ही संध्याकाळी तपासणारा माणूस शोधला. तो पंचवटीत भाजीबाजारामागच्या गल्लीत सापडला.

दादांनी त्या जागेची पाहणी नळ गळतोय का बघावं तशी केली. भिंतीवर एकही देव नव्हता. उदबत्ती नव्हती. हाडांच्या सापळ्याचं मोठं चित्र होतं, कपाटात काचेच्या बरण्या होत्या, आणि बसलेल्या माणसाच्या अंगात पांढरा कोट अन् गळ्यात स्टेथोस्कोप. दादांनी माझ्याकडे वळून हळूच सांगितलं, ‘इथं देव नाय, हाडांचं चित्र हाय. ह्ये सायन्स हाय.’ वर्तमानपत्राच्या चौकोनी तुकड्यांत बांधलेल्या पांढऱ्या पुड्या आम्हाला मिळाल्या. रोज तीन, पाण्याबरोबर. वांगं, दही आणि आंबट बंद. पुडीत काय आहे हे दादांनी विचारलं नाही. देवऋष्याला त्यांनी शंभर प्रश्न विचारले असते.

तिसऱ्या दिवशी मी उठले आणि तांब्या उचलून घटाघटा पाणी प्यायले. मग लक्षात आलं की तांब्या उचलला. मी आईला हाक मारली आणि तिच्यासमोर स्वतःची वेणी स्वतः घातली. आई रडली. मला इतका आनंद झाला होता की मी शाळेत जाताना उगीचच पळत गेले. त्या दिवशी मी फळा वरपासून खालपर्यंत भरला, आणि मुलांनी कुरकुर केली. दादांनी वसाहतीत जिलबी वाटली आणि काकूंना मुद्दाम दोन कडी जास्त दिली.

पुढे माझं अंग भरू लागलं. भूक अशी लागायची की आई भाकऱ्या मोजायची सोडून पिठाचा डबा बघायची. गाल वर आले, हनुवटीखाली दुसरी हनुवटी आली, चेहरा पौर्णिमेचा झाला. आमच्याकडे गोल चेहरा म्हणजे तब्येत, आणि तब्येत म्हणजे सुख. बायका म्हणायच्या, ‘पोरीला नोकरी मानवली.’ मुख्याध्यापक म्हणाले, ‘नाशिकचं पाणी लागलेलं दिसतंय.’ मी नाशिकचंच पाणी जन्मापासून पीत होते, आणि ते सोडणारे माझेच वडील होते. वर्षभर आधी जे लोक मला पाहून चुकचुकत होते, त्यांनीच आता एक-दोन स्थळं सुचवली. कुठे नुसतं आपटलं तरी निळे-काळे डाग पडायचे आणि जिना चढताना छाती धपापायची, ते साडीच्या आत होतं.

असं दीड-एक वर्ष गेलं. मग एका संध्याकाळी आम्ही पुड्या आणायला गेलो तर दाराला कुलूप. शेजारच्या भाजीवाल्यानं सांगितलं, डॉक्टर दुसऱ्या गावी गेले. कुठल्या, ते त्याला माहीत नव्हतं. हाडांचं चित्र मात्र खिडकीतून अजून दिसत होतं. घरी तीन-चार पुड्या उरल्या होत्या. त्या संपत आल्यावर दादा म्हणाले, ‘आता गरज बी नाय. तू बरी झालीस.’ एक पुडी त्यांनी जपून ठेवली, पुढंमागं कुणाला दाखवून तशीच करून घ्यावी म्हणून.

दुखणं परत आलं ते व्याजासकट. पण दुखण्याची मला सवय होती. ही गोष्ट वेगळी होती. अंगातला जीवच कुणी काढून घेतल्यासारखं व्हायचं, अन्न पोटात ठरेना, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. रजा मागायची नव्हती म्हणून मी शाळेत गेले. प्रार्थना अर्ध्यावर असताना मी मुलांच्या रांगेसमोर पडले. मला पुढचं आठवत नाही. नंतर कळलं की टांगा बोलावून मला सरकारी दवाखान्यात नेणारे मुख्याध्यापकच होते.

तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांनी माझे गाल पाहिले, मग दंडावरचे डाग पाहिले, आणि विचारलं, ‘कसल्या पुड्या घेत होता?’ आम्ही पुड्यांचं काहीच बोललो नव्हतो. दादांनी खिशातून जपून ठेवलेली पुडी काढली आणि कौतुकानं त्यांच्या हातात दिली.

‘पुडीपेक्षा चेहराच जास्त सांगतोय,’ बाई म्हणाल्या. ‘यात स्टेरॉइड असणार. जोरदार औषध आहे. फार दिवस मनाला येईल तसं घ्यायचं नसतं, आणि घेतलं तर एकदम थांबवायचं तर मुळीच नसतं. असंच द्रव्य अंगही बनवत असतं, बाहेरून मिळायला लागलं की ते बनवायचं विसरून जातं. पोरगी जाता जाता राहिली तुमची.’

दादांना यातलं एकच वाक्य ऐकू आलं. ‘म्हंजे औषध खरं व्हतं?’

‘औषध खरं होतं, तीच तर अडचण झाली,’ बाई म्हणाल्या. ‘आता मीही तेच देणार आहे. थोडं, मोजून, आणि हळूहळू कमी करत.’

काकूंचा दोरा बांधला असता तर फार तर मनगटाला घाम आला असता. हे मी तेव्हा मनातच ठेवलं. दादा स्टुलावर मान खाली घालून बसले होते, आणि त्यांना आणखी काही सांगायची माझी हिंमत नव्हती.

मग बाईंनी आम्हाला आजार समजावून सांगितला. आजवर कुणीच तो समजावला नव्हता, सगळ्यांनी फक्त त्याला नाव दिलं होतं. त्या म्हणाल्या, अंगात एक पहारा असतो, बाहेरून रोगजंतू आला की त्याला मारणारा. या आजारात तो पहारा आपल्याच सांध्यांवर तुटून पडतो. म्हणून सूज, म्हणून सकाळी आखडणं. हवेचा दोष नाही, वांग्याचा नाही, गेल्या जन्माचा तर नाहीच.

दादा लक्ष देऊन ऐकत होते. त्यांनी विचारलं, ‘पण सांध्यांनी केलं काय व्हतं?’

‘काहीच नाही.’

‘मंग?’

‘ओळखण्यात चूक होते. आपलंच असून परकं वाटतं त्याला.’

दादा म्हणाले, ‘ह्ये मला ठाऊक हाय, बाई. आमच्या गावात असंच व्हतं. विहीर आमच्याच आज्यानं खांदली, आन् आमालाच पाणी नाय.’

बाईंनी माझा सुजलेला हात हातात घेतला आणि उगीचच पुन्हा तपासला.

हा आजार मुळापासून जात नाही, सांभाळावा लागतो, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. जरा ताकद आली की दर आठवड्याला सोन्याचं इंजेक्शन द्यायचं ठरलं. या आजारावर तेव्हा ते देत. आईला वाटलं बाई थट्टा करताहेत. ‘सोनं अंगावर घालत्यात,’ ती म्हणाली. ‘अंगात कुठं घालत्यात?’ आमच्या घराण्यात मंगळसूत्राच्या चार मण्यांपलीकडे सोनं लागलेली मी पहिलीच. काकूंनी ही बातमी वसाहतभर अशी पसरवली की बायका माझ्याकडे जरा आदरानं बघू लागल्या.

शेवटी बाईंनी विचारलं, ‘शाळा किती वाजता असते?’ मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. ‘सकाळी सात? या आजारात? मग दुपारची मागून घ्या.’

‘तेवढं नाय जमायचं,’ दादा लगेच म्हणाले. ‘सवलत मागत नाय आमी.’

‘ही सवलत नाही, हे औषध आहे,’ बाई म्हणाल्या, आणि गोळ्यांच्या नावांखाली त्यांनी खरंच लिहून दिलं: दुपारचे सत्र, कायम. दादांनी ती चिठ्ठी घडी करून वरच्या खिशात ठेवली. डॉक्टरनं लिहून दिलेलं नाकारायची त्यांची प्राज्ञा नव्हती, त्यांच्या तत्त्वात ते बसत नव्हतं.

पंधरवड्यानं आम्ही दोघं शाळेत गेलो, सकाळचं सत्र सुटायच्या सुमारास. दादांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. वाटेत ते काय बोलायचं ते पुटपुटत होते. मुख्याध्यापकांनी आम्हाला बसायला सांगितलं तरी ते उभेच राहिले. ‘साहेब, पोरीला आजार हाय. सकाळी तिचे हात चालत नाय. ती आळशी नाय. दुपारचं सत्र दिलं तर...’ त्यांनी चिठ्ठी पुढे केली.

मुख्याध्यापकांनी चिठ्ठी हातात घेतली पण उघडली नाही. ते माझ्याकडे बघत होते. ‘अहो बाई, दुपार पाहिजे? मग तोंड शिवलं होतं का तुमचं? दुपारच्या सत्राला यायला इथं एक माणूस तयार होत नाही. सगळ्यांना बाराला सुटून घरची कामं करायची असतात. दर जूनला मी लोकांचे पाय धरतो!’ त्यांनी तिथूनच हाक मारली आणि दुपारच्या सत्रातल्या एका बाईंना विचारलं. त्या बाईंना इतका हर्ष झाला की त्यांनी माझे दोन्ही हात धरून दाबले, आणि मी ओरडले. सगळं मिळून पाच मिनिटंही लागली नसतील.

जे कुणालाच नको होतं, ते न मागण्यासाठी मी दोन वर्षांत पहाटे पातेल्यात हात बुडवले होते, पुड्या खाल्ल्या होत्या आणि प्रार्थनेत पडले होते. मला हसू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग नेमका कुणावर काढावा हे कळत नव्हतं. सवलतीबद्दल बोलणारे गृहस्थ व्हरांड्यात उभे होते. त्यांनी दादांना वाकून नमस्कार केला आणि तब्येतीची चौकशी केली. बहुधा ते बोलणं त्यांच्या लक्षातही नव्हतं.

बस थांब्यावर मी दादांकडे पाहिलं तर त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. ‘माझ्यापायी झालं ह्ये,’ ते एवढंच म्हणाले, आणि मी ‘नाही हो दादा’ म्हणेपर्यंत बस आली.

बसला गर्दी होती. आम्ही मधल्या दांड्याला धरून उभे राहिलो. दादांनी आजवर बसमध्ये कुणाजवळ जागा मागितली नव्हती. सरकून घ्या, असंही कुणाला म्हटलं नव्हतं. कुणी आपणहून उठलं तरी ते बसत नसत, आम्हालाही बसू देत नसत. आता त्यांनी बाकावर बसलेल्या एका तरुण माणसाच्या खांद्याला हात लावला आणि साऱ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘भाऊ, जरा उठता का? माझ्या लेकीला बसू द्या. ती आजारी हाय.’

तो माणूस उठला. त्यानं माझ्या गोल, टवटवीत चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याला काहीच उलगडा झाला नाही. आजूबाजूच्या बायकाही वळून बघायला लागल्या. दुपारची साडेबाराची वेळ होती. त्या वेळी माझे गुडघे छान चालत होते. मी घरापर्यंत उभी राहू शकले असते.

मी बसले. दादा माझ्या बाकाच्या पाठीला धरून उभे राहिले, आणि आमचा थांबा येईपर्यंत मी उठले नाही.